प्लॉटचं मृत्युपत्र झालं, आयसीयूचं काय?

माझं काम टायपिंगचं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा कोर्टाच्या आसपास टेबल टाकून बसलेले लोक दिसतात ना, त्यातलाच मी एक, आता मशीन जाऊन कॉम्प्युटर-प्रिंटर आला पण लोक अजूनही टायपिस्टच म्हणतात. भाडेकरार, ॲफिडेव्हिट, नावातला बदल, आणि मृत्युपत्र. मृत्युपत्र सांगायला बसले की लोकांचं डोकं काय चालते विचारू नका. बेसाचा प्लॉट मोठ्याला, मानेवाड्याचं घर धाकट्याला पण वरचा मजला बहिणीला राहायला, पाटल्या सुनेला नाही तर नातीला. काटोलकडच्या एका काकाजींनी तर संत्र्याची झाडं ओळीनं मोजून वाटली होती, आणि विहिरीवरची मोटर कोणी किती तास चालवायची तेही मला लिहायला लावलं.

त्याच काकाजींना मी एकदा सहज विचारलं, उद्या तुम्हाला बोलता येत नसलं आणि डॉक्टरनं विचारलं की नळी टाकू का, तर कोणी सांगायचं? तर म्हणाले, सकाळी सकाळी काहून असं अभद्र बोलून राहिला बे. म्हणजे मेल्यानंतर मोटर किती तास चालेल ते बोलायला चालते, आणि मरायच्या आधीचे पंधरा दिवस कसे जातील ते बोललं की अपशकुन.

आपल्याला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार करायचे आणि आपल्या वतीनं कोणी सांगायचं, हे आधीच लिहून ठेवता येते, त्या कागदाला लिव्हिंग विल म्हणतात. त्यावर मी थोडं चिडूनच लिहून राहिलो आहे, कारण आमच्या घरी हे होऊन गेलं.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले, अजनीला राहायचे. फुप्फुसं गेलेली होती, सीओपीडी, शेवटची दोन वर्षं घरात ऑक्सिजनचं मशीन घुर्रघुर्र चालू. डॉक्टरनं दोनदा सांगितलं होतं की आता हे मागे येणारं नाही, पुढेच जाईल. घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि कोणीच ऐकलं नाही. पोळ्याच्या आदल्या रात्री त्यांना दम लागला, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नेलं (नाव सांगत नाही, आणि खरं सांगू का, नाव दुसरं असतं तरी हेच झालं असतं), आणि रात्री दोन वाजता एक पोरगेलासा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, व्हेंटिलेटर लावावं लागेल, पाच मिनिटांत सांगा. पाच मिनिटं. दोन वर्षं होती आमच्याजवळ, ती आम्ही मशीनचं फिल्टर धुण्यात घालवली, आणि निर्णयाला पाच मिनिटं.

त्यांचा मोठा मुलगा, आमचा दादा, नागपुरातच असतो, रोजचं सगळं त्यानंच केलेलं, तो म्हणाला नको, त्यांना त्रास होईल. धाकटा बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर, तो म्हणाला पैशाची काळजी करू नका, सगळं करा, काहीही बाकी ठेवू नका. त्यांची मुलगी पुण्याहून निघालेली, ट्रॅव्हल्समध्ये, नेटवर्क येतं-जातं, ती फक्त रडत होती आणि म्हणत होती मी येईपर्यंत काही होऊ देऊ नका. दादानं सही केली. काय करणार, उद्या कोणी म्हटलं की तू बापाला मारलं तर?

सतरा दिवस. गणपती बसले, उठले, मोठे बाबा आयसीयूतच. हाताला गॉजपट्टी बांधलेली कारण ते नळी ओढायचे. आपल्याकडे लोकांना वाटते व्हेंटिलेटर म्हणजे मोठा ऑक्सिजन मास्क, तसं नाही ना ते, घशातून नळी जाते, बोलता येत नाही, गिळता येत नाही, झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं, आणि न्यूमोनिया झालेल्या धडधाकट माणसाला तेच मशीन जीव वाचवून परत पाठवते हेही तितकंच खरं. मशीन वाईट नाही. प्रश्न एवढाच की ज्याची फुप्फुसं सुधारणारच नाहीत त्याला त्याच्यावरून उतरवायचं कधी आणि सांगायचं कोणी. लावताना एक सही लागली होती. काढायचं म्हटलं तर तिथे कोणी तोंडच उघडेना, डॉक्टर म्हणे तुम्ही सगळे मिळून ठरवा, आणि आम्ही सगळे मिळून चहाच्या टपरीवर भांडत होतो. बिल सात लाखाच्या वर गेलं. ते भरलं, त्याचं काही नाही. पण दादा आणि धाकटा आज एकमेकांशी बोलत नाहीत, आणि हे कोणत्या बिलात लिहून येत नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. तेराव्याला मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, मागच्या खोलीत बसली होती, मी पाणी द्यायला गेलो तर एकदम म्हणाली, "त्यायनं मले सांगतलं होतं. म्हणे, मले मशिनीवर नको ठेवू देजो, तूच सांगजो पोट्ट्यायले." मी म्हटलं मोठी आई, मग तू बोलली काहून नाही? ती म्हणाली, "मले कोणी विचारलंच नाही."

खरंच नव्हतं विचारलं. सतरा दिवस ती खाली वेटिंगमध्ये पदर डोक्यावर घेऊन बसलेली, आणि आम्ही तिला "तू काळजी करू नको" म्हणत होतो. ज्या एका माणसाजवळ उत्तर होतं त्याला आम्ही पोहे खाऊ घालत होतो.

म्हणून लिव्हिंग विल या विषयावर लोक जे बोलतात की कोणते उपचार नको त्याची यादी लिहा, ते मला अर्धवट वाटते. यादी चांगलीच आहे, पण आजार काही यादी वाचून येत नाही. त्या कागदातली सगळ्यात मोठी ओळ दुसरीच आहे, माझ्या वतीनं बोलायचं कोणी. ते नाव एकदा लिहिलेलं असलं, आणि बाकीच्या नातेवाइकांना ते नाव माहीत असलं, तर रात्री दोनला निदान भांडण तरी होत नाही. आमच्या घरी तो कागद असता तर त्यावर मोठ्या आईचं नाव असतं आणि मग बंगलोरच्या फोनला काही अर्थ राहिला नसता.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या टेबलावर येणारे निम्मे लोक म्हणतात की हे आपल्याकडे चालतच नाही, गुन्हा आहे. आधी खरंच गोंधळ होता. 1996 मध्ये ग्यान कौर केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मग अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएममधली नर्स, 1973 ला तिच्यावर हल्ला झाला, त्यानंतर 42 वर्षं ती त्याच हॉस्पिटलात पडून, 2015 ला गेली. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी तिला भरवणं थांबवून शांतपणे जाऊ द्या असा अर्ज केला होता, 2011 मध्ये कोर्टानं तो नामंजूर केला पण त्याच निकालात पहिल्यांदा सांगितलं की काही परिस्थितीत उपचार थांबवता येतात. आणि अरुणाच्या केसमध्ये कोणाचं ऐकलं गेलं? जिनं तिच्यावर पुस्तक लिहिलं तिचं नाही, ज्या नर्सेसनी वर्षानुवर्षं तिची कूस बदलली, तिला भरवलं, त्यांचं, त्या म्हणाल्या आम्ही सांभाळू. मला तो भाग नेहमी आठवते. बाई स्वतः बोलू शकत नव्हती आणि तिच्या वतीनं कोण, हाच सगळा खटला होता.

नंतर 9 मार्च 2018 ला पाच न्यायाधीशांनी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला की सन्मानानं मरण हा घटनेच्या कलम 21 मधला, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच हक्क आहे आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. पण लिहायची रीत अशी करून ठेवली की ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटची सही पाहिजे. आता मी कोर्टाच्या दारात बसतो, मला माहीत आहे मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं म्हणजे काय, सत्तर वर्षांचा कॅन्सरचा पेशंट त्यासाठी चकरा मारेल का? कोणी केलंच नाही जवळपास. मग 24 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानंच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बस. वय 18 च्या वर पाहिजे, शुद्धीवर, कोणाच्या दबावाखाली नाही. एकापेक्षा जास्त माणसांची नावं देता येतात. कधीही बदलता येते, रद्द करता येते, आणि हे लोकांना सांगितलं की त्यांचा निम्मा जीव भांड्यात पडते. एक कॉपी त्या नाव दिलेल्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेनं किंवा गावच्या संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. ते अधिकारी नेमलेच नव्हते सरकारनं, त्यासाठी मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले, तेव्हा कुठं महाराष्ट्रात नेमले गेले.

आणि कागद आहे म्हणून लगेच कोणी प्लग काढत नाही, हे पण समजून घ्या. माणूस स्वतः निर्णय सांगू शकत असेल तर त्या कागदाला कोणी हातही लावायचा नाही, त्यालाच विचारायचं. तो बोलू शकत नाही, आजार बरा होणारा नाही, अशा वेळी हॉस्पिटलचं एक बोर्ड बसते, उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ. त्यांचं झालं की दुसरं बोर्ड, त्यात सीएमओनं, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं, सुचवलेला एक डॉक्टर. दोघांनीही शक्यतो 48 तासांच्या आत सांगायचं. तुम्ही कागदावर ज्यांची नावं दिली त्यांची संमती लागते. मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. कोणाचं पटलं नाही तर हायकोर्ट, आणि ते तर आपलं नागपूर बेंच इथंच आहे. कागद नसला तरी हीच वाट आहे, नातेवाइकांच्या संमतीनं, फक्त तेव्हा ते टपरीवरचं भांडण आधी मिटावं लागते.

मला वाटते या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान एका शब्दानं केलं, इच्छामरण. पेपरवाले प्रत्येक बातमीत तोच शब्द छापतात. इच्छामरण म्हटलं की आपल्याला शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात, उत्तरायणाची वाट पाहणारे, नाही तर इंजेक्शन देऊन झोपवणारा कोणी डॉक्टर. इंजेक्शन देऊन मारणं आपल्या देशात आजही गुन्हा आहे, आणि कोणी ते मागतही नाहीये इथं. इथं एवढंच आहे की आजार त्याच्या वाटेनं जाऊन राहिला आहे, त्याला अडवणारं मशीन काही उपयोगाचं राहिलेलं नाही, ते नको. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, किडनीच्या पेशंट, त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, हे आत्महत्येत तर नाही ना येत?" दोन वर्षांपासून ही शंका मनात घेऊन त्या फिरत होत्या, कोणाला विचारायची हिंमत नव्हती.

विनोबांचं उदाहरण आपल्याकडे लगेच निघते. पवनार नागपूरपासून दूर नाही, तासा-दीड तासाचा रस्ता, तिथं 1982 च्या नोव्हेंबरमध्ये विनोबांनी हार्ट अटॅकनंतर अन्न आणि औषध बंद केलं आणि 15 तारखेला, दिवाळीत, ते गेले, वय 87. घरी म्हातारी माणसं मोठ्या आदरानं ही गोष्ट सांगतात. मी नेहमी म्हणतो, विनोबा स्वतः नाही म्हणू शकत होते, शुद्धीवर होते, आणि आजूबाजूला जे लोक होते ते त्यांचं ऐकणारे होते. आपल्याला यातलं एक तरी मिळेल याची गॅरंटी आहे का? रात्री दोनला धंतोलीत आपण बेशुद्ध आणि आजूबाजूला पंधरा नातेवाईक, त्यातले बारा मोबाइलवर.

आता विरोधातलं जे म्हणतात ते. सगळ्यात आधी प्रॉपर्टी. पोरं म्हाताऱ्याकडून सही करून घेतील आणि बोळवण करतील. मी याला हसत नाही, माझ्या टेबलावर मी पाहिलं आहे, आजोबांचा हात धरून अंगठा उठवायला आलेली पोरं पाहिली आहेत, त्यांना मी परतही पाठवलं आहे. पण म्हणूनच साक्षीदार आहेत ना, म्हणूनच दोन-दोन बोर्ड आहेत. आणि खरं सांगायचं तर लालची पोराला लिव्हिंग विलची गरजच नाही, त्याच्यासाठी डामा आहे. डामा म्हणजे डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी घेऊन जातो म्हणून सही करायची. आज आपल्याकडे व्हेंटिलेटर याच रस्त्यानं सुटते. पैसे संपले की डामा. नळी घशात, ॲम्ब्युलन्समध्ये एक पोरगा हातानं श्वास द्यायची पिशवी, ॲम्बू बॅग, दाबत बसलेला, गडचिरोलीकडे निघालेली गाडी उमरेड मागे पडायच्या आत थंड. ना दुखण्याची गोळी, ना कोणी डॉक्टर सोबत, आणि कागदावर लिहिलेलं की हे नातेवाइकांनी आपल्या मर्जीनं केलं. हे चालते, याला कोणी इच्छामरण म्हणत नाही, आणि पेशंटला विचारून शांतपणे लिहून ठेवलं की सगळ्यांना नैतिकता आठवते.

दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे आणि तिचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असं मला एका वकील मित्रानं तोंडावर म्हटलं. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जाऊन पाहा, म्हणाला, तिथं छिंदवाड्याचा, बालाघाटचा, चंद्रपूरचा माणूस बेडसाठी खाली सतरंजी टाकून पडला आहे, त्याला उपचार जास्त होत नाहीत, त्याला मिळतच नाहीत, आणि तू त्याला नाही म्हणायचा हक्क देऊन राहिला. बरोबर आहे त्याचं. ज्याच्या ताटात भाकरच नाही त्याला उपासाचं महत्त्व सांगू नये. गरिबाला "नको" लिहायला लावून बेड मोकळा करायचा धंदा कोणी सुरू केला तर मी पहिला विरोध करीन.

पण त्याच्याच बोलण्यातून माझं म्हणणं निघते. शेवटच्या दिवसांत गरिबाला काय पाहिजे विचारलं तर तो काय सांगेल? दुखणं कमी करा, आणि गावी जाऊ द्या. दोन्हीसाठी आयसीयू लागत नाही, मॉर्फिन लागते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारच्या लायसन्सवर अफू पिकते, त्यातून मॉर्फिन बनते, जगात जाते, आणि आपल्या इथला तोंडाच्या कॅन्सरचा माणूस साध्या पेनकिलरवर रात्र काढते. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं दुकानदार आणि डॉक्टर इतके घाबरले की गोळी ठेवायलाच कोणी तयार नव्हते, 2014 ला कायद्यात सुधारणा झाली पण भीती काही गेली नाही. केरळात शेवटच्या पेशंटचं दुखणं कमी करायचं काम 1993 पासून कालिकतहून सुरू झालं, डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी, मग गल्लीतले स्वयंसेवक शिकले, नर्स घरी जायला लागली, आणि 2008 मध्ये सरकारनं धोरणच केलं. नागपुरात कॅन्सरच्या शेवटच्या पेशंटना सांभाळणारी स्नेहांचलसारखी जागा आहे, कॅन्सर हॉस्पिटलांत पेन क्लिनिक आहे, पण तिरोड्याच्या किंवा सिरोंच्याच्या घरात ती गोळी पोचते का, हा प्रश्न आहे. घरी मरायची इच्छा लिहून ठेवली आणि घरी दुखण्याचं औषधच नाही, तर तो कागद क्रूर आहे. दोन्ही सोबत मागितलं पाहिजे, एकाच्या आड दुसरं लपवायचं नाही.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे असं समजू नका. आपलं शहर खर्र्याचं, म्हणजे पन्नीत घासलेल्या सुपारी-तंबाखूचं शहर आहे. चौकाचौकात पन्नी घासून राहिले पोट्टे, आणि पस्तीस-चाळिशीत जबडा काढायची वेळ येते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर बोलणंच आधी जाते, जीभ कापली, गळ्याला छिद्र पाडलं, मग घरचे म्हणतात त्याला काय पाहिजे ते कळतच नाही. विचारायचं केव्हा होतं? ऑपरेशनच्या आधी, जेव्हा तो बोलत होता. त्या वेळी त्याला फक्त "हिंमत ठेव, काही होत नाही" सांगितलं गेलं. काही घरी तर पेशंटला आजाराचं नावही सांगत नाहीत, फाइल लपवतात, डॉक्टरला डोळ्यानं खुणावतात. ज्याला आजारच माहीत नाही त्याची इच्छा काय लिहून घेणार तुम्ही, कप्पाळ.

डॉक्टरांबद्दल एक. लोक म्हणतात ते पैशासाठी मशीनवर ठेवतात. ठेवणारे असतील. पण मी एका डॉक्टरचं ॲफिडेव्हिट टाइप करत असताना ते म्हणाले, थांबवलं तर नातेवाईक काच फोडतात, नाही थांबवलं तर बिलावरून काच फोडतात, काच तर फुटणारच आहे. हल्ल्यांसाठी 2010 चा कायदा आहे आपल्याकडे, पण कायद्यानं भीती जात नाही. 2020 मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, छाती दाबायची की नाही त्याबद्दल, म्हणजे सीपीआर करू नये हे आधीच ठरवून फाइलवर लिहायचं त्याबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. टीव्हीत छाती दाबली की हीरो उठून बसते. शेवटच्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये बरगड्या तुटतात आणि माणूस बहुतेक परत येत नाही. हे कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आता माझ्या आईचं. आई 74 ची, हार्टचं पंपिंग कमी आहे, वर्षभरात दोनदा भरती झाली. मोठ्या बाबांचं झाल्यापासून मनात होतं की तिला विचारायचं. विचारता विचारता आठ महिने गेले, हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस. मला पक्कं माहीत होतं ती काय म्हणेल. देवभोळी बाई, एकादशी करणारी, म्हणेल मला काही नको बाबू, सुखानं जाऊ द्या. मी तर मनात ड्राफ्टही करून ठेवला होता.

एका रविवारी ती अंबाडीची भाजी निवडत होती, मी समोर बसून देठं तोडायला लागलो आणि मोठ्या बाबांचा विषय काढला. ती म्हणाली त्यांचे हाल झाले. मी म्हटलं, आई, तुझ्यावर तशी वेळ आली तर काय करायचं आम्ही? ती पाच मिनिटं काही बोललीच नाही. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "लावजो मशीन."

मी म्हटलं काय?

"लावजो ना. पिंकीचं लग्न आहे ना पुढच्या वर्षी. मले ते पाह्याचं आहे. पण आठ दिवस ठेवजो. आठ दिवसांत नाही उठली तर समजून घेजो, अन् घरी आणजो. हात नको बांधू देजो माझे. अन् तुझ्या बहिणीले विचारजो, तू लय लवकर घाबरते."

माझा सगळा ड्राफ्ट गेला. मी पन्नास वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिच्या मनातलं मला शून्य माहीत होतं. मी न विचारता ठरवलं असतं तर तिला नको ते मिळालं असतं, फक्त मोठ्या बाबांच्या उलटं. आणि डॉक्टरला हे सांगितलं तर ते म्हणाले की आई म्हणते ते वैद्यकशास्त्रात बसते, ठराविक दिवस उपचार करून पाहायचे आणि सुधारणा नसेल तर थांबायचं, अशी पद्धतच आहे, आणि असं स्पष्ट कोणी सांगितलं तर त्यांचंही काम सोपं होते.

म्हणून हे "नको" चं आंदोलन समजू नका. कोणी लिहील की मला शेवटपर्यंत सगळं पाहिजे, तर तेही लिहावं, त्यालाही मान पाहिजे. प्रश्न विचारण्याचा आहे.

आणि तो घरच्यांवरच टाकून चालणार नाही, आपण आठ-आठ महिने देठं तोडत बसतो. डायलिसिस सुरू करताना, कॅन्सर पसरला सांगताना, हार्ट फेल्युअरचा दुसऱ्यांदा डिस्चार्ज देताना, ओपीडीतच कोणी तरी पेशंटसोबत बसून विचारावं, समाजसेवा अधीक्षक असतात ना मेडिकल-मेयो या सरकारी हॉस्पिटलांत, त्यांनी विचारावं, एकदा नाही, दोन-तीनदा, कारण माणूस बदलते, पोरीचं लग्न झालं की उत्तर बदलते. फॉर्म मराठीत पाहिजे आणि हिंदीत पण, आपल्याकडे बरेच पेशंट एमपीचे. महापालिकेचे दहा झोन आहेत, प्रत्येक झोनमध्ये प्रॉपर्टी टॅक्सच्या खिडकीशेजारी हा कागद घेणारी एक खिडकी असावी आणि त्यावर पाटी असावी, कारण अधिकारी नेमला म्हणजे लोकांना माहीत झाला असं होत नाही. आणि हॉस्पिटलांनी भरतीच्या फॉर्ममध्ये पेमेंट कोण करणार हे विचारायच्या रकान्याखाली एक ओळ वाढवावी, पेशंटच्या वतीनं कोण बोलणार. बस एवढी एक ओळ. ब्रेन डेड झाल्यावर किडनी कोणाला द्यायची, ग्रीन कॉरिडॉर कुठून जाईल, हे बोलायला नागपूर शिकलंच ना, त्याचं मला कौतुकच आहे, मग त्याच्या आधीचं बोलायला काय हरकत आहे?

आईचा कागद मी टाइप केला. आठ दिवस, हात बांधायचे नाहीत, पहिलं नाव माझ्या बहिणीचं, दुसरं माझं. माझं नाव दुसरं का, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी विषय बदलला. आईनं प्रिंट हातात घेऊन चष्मा लावून वाचला आणि तिच्या नावातली वेलांटी चुकली होती ती दाखवली, तीस वर्षं टायपिंग करून स्वतःच्या आईचं नाव चुकवलं. सोमवारी नोटरीकडे जायचं आहे. एक साक्षीदार ठरला. दुसऱ्या म्हणून शेजारच्या काकू तयार होत्या, पण आता त्या म्हणतात की आधी मले माह्या कागदात काय लिवायचं ते सांग, मग मी तुह्या आईच्या कागदावर सही करतो. त्यांच्यासाठी एक कोरा प्रिंट काढून ठेवला आहे.